पाठमोऱ्यांची शर्यत

मुलांनो, तुम्ही तीन पायांची शर्यत धावला असाल. पोत्यात पाय घालून उड्या मारल्या असतील. लिंबू-चमचा तोंडात धरून मैदान पार केलं असेल. पण शेवटच्या रेषेकडे पाठ करून कधी शर्यत लावली आहे का? म्हणजे जीव तोडून पुढे जायचं, पण आपण कुठे चाललोय ते दिसत नाही. दिसतात ते फक्त आपल्या मागे पडलेले! "असली कसली शर्यत?" असं म्हणून तुम्ही हसाल. पण अशी शर्यत खरोखरच आहे, आणि ती थेट ऑलिंपिकमध्ये होते. तिचं नाव रोइंग. आपली वर्तमानपत्रं तिला नौकानयन म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, पुढे तोंड करून बसायला काय झालं? केरळातल्या सापासारख्या लांबलचक नावांची शर्यत तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. अलप्पुळाच्या पुन्नमडा तलावात १९५२ पासून नेहरू ट्रॉफीसाठी ती होते. एकेका नावेत शंभराच्या आसपास माणसं, गाण्याच्या ठेक्यावर वल्ही चालवणारी, आणि सगळ्यांची तोंडं पुढे. मग इथेच उलटं का? त्याचं कारण वल्ह्यात आहे. केरळातलं वल्हं सुटं असतं, नुसतं हातात धरलेलं. रोइंगचं वल्हं नावेच्या बाजूला बाहेर काढलेल्या कडीत अडकवलेलं असतं. विज्ञानाच्या पुस्तकात 'तरफ' शिकलात ना? तशी ती तरफच. पाय समोरच्या फळीवर रोवायचे आणि वल्ह्याचा दांडा स्वतःकडे ओढायचा. असं केलं की पाय, पाठ आणि हात असा सगळ्या अंगाचा जोर पाण्यावर पडतो. पण नाव मात्र आपल्या पाठीच्या दिशेनं जाते. जोर हवा असेल तर पाठ फिरवावीच लागते!

या नावा आपल्या नेहमीच्या होडीसारख्या नसतात, बरं का. एकट्याची नाव आठ मीटरच्या आसपास लांब, आणि रुंदी माणूस जेमतेम मावेल एवढीच. तिचं वजन किमान १४ किलो असावं असा नियम आहे. म्हणजे पुस्तकांनी गच्च भरलेली दोन-तीन दप्तरंच म्हणा ना! आठ जणांची नाव तर एसटीच्या बसपेक्षाही लांब, साडेसतरा मीटरच्या आसपास. तिचं वजन किमान ९६ किलो. वल्ही हेच या नावांचे तोल सांभाळणारे हात. ती सोडून दिली, तर आत बसलेल्यासकट नाव कलंडायला वेळ लागत नाही.

नावांचे प्रकार लक्षात ठेवायला सोपे आहेत. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक वल्हं असेल तर ते 'स्कलिंग'. अशा नावा एकट्याच्या, दोघांच्या आणि चौघांच्या असतात. प्रत्येकाकडे एकच मोठं वल्हं असेल आणि ते दोन्ही हातांनी ओढायचं असेल, तर ते 'स्वीप'. त्यात एकाचं वल्हं उजवीकडे तर दुसऱ्याचं डावीकडे, म्हणून नावेत माणसं नेहमी जोडीनं लागतात : दोन, चार किंवा आठ.

आठ जणांच्या नावेत प्रत्येकाच्या जागेला क्रमांक असतो. नावेच्या पुढच्या टोकाजवळ बसतो तो पहिला, त्याला 'बो' म्हणतात. सगळ्यात मागे बसतो तो आठवा, त्याचं नाव 'स्ट्रोक'. सगळ्यांची तोंडं मागे असल्यामुळे या आठव्याची पाठ बाकीच्या सातही जणांच्या समोर येते. लय ठरवतो तो. तो वाकला की सगळे वाकणार, त्यानं ओढलं की सगळे ओढणार. मधल्या चार जागांवर सगळ्यात दांडगे गडी बसवतात. त्या जागांना गमतीनं 'इंजिन' म्हणतात. टोकाजवळचे हलके आणि चपळ लागतात, कारण तिथे थोडं हललं तरी नाव डुलते.

लांबून पाहिलं की हा हातांचा खेळ वाटतो. खरा जोर मात्र पायांचा! बसायची पाटी रुळांवर पुढे-मागे सरकते. बूट फळीला पक्के बसवलेले असतात. गुडघे छातीशी घेऊन वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवायचं, ही झाली पकड. मग पायांनी फळी रेटायची, पाठ मागे न्यायची आणि शेवटी हात पोटाशी आणायचे, हा झाला रेटा. मग पातं बाहेर काढून आडवं करायचं, म्हणजे वारा अडत नाही, आणि पाटीवरून सावकाश पुढे सरकायचं. रेटा जोरात, पण परतणं सावकाश. का ते सांगू? नाव फार हलकी असते आणि माणसं तिच्या कित्येक पट जड. सगळी माणसं धाडकन एका बाजूला सरकली, तर त्यांच्या वजनाचा हिसका बसून धावती नाव अडखळते. ज्याला थांबायचं कळत नाही, तो नावेचा वेग खातो.

आणि पातं नीट बाहेर आलं नाही तर? ते पाण्यात अडकतं आणि दांडा उलटा येऊन पोटावर किंवा छातीवर आदळतो. याला 'खेकडा पकडणे' म्हणतात. खेकडा मोठा असेल तर माणूस नावेबाहेर फेकलासुद्धा जातो! अशा दोनशेहून जास्त ओढी एका शर्यतीत माराव्या लागतात, आणि त्यातल्या एकाही ओढीत खेकडा पकडून चालत नाही.

हे सगळं मला कसं माहीत? सांगते. मी पुण्यात कॉलेजात गेले तेव्हा माझी उंची पाच फुटांना थोडी कमी होती आणि वजन ४२ किलो. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, कबड्डी, जिथे जावं तिथे एकच उत्तर, "तू आपली गुण लिहायला बस." गुण लिहिण्यात मी पटाईत झाले होते. मग एका मैत्रिणीबरोबर नदीकाठी नावांच्या क्लबात गेले. तिथल्या सरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि दोनच प्रश्न विचारले.

"पोहता येतं का?"

"येतं."

"ओरडता येतं का?"

आमच्या वाड्यात माझ्या आवाजाची ख्याती होती. मी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी चार मुलींच्या नावेची कॉक्स झाले.

कॉक्स म्हणजे काय, तर कोकणातल्या नावेवरचा तांडेलच समजा. कॉक्स वल्हवत नाही. सुकाणूच्या दोऱ्या त्याच्या हातात असतात. आमच्या नावेत मी मागच्या टोकाला, वल्हवणाऱ्या मुलींकडे तोंड करून बसत असे. म्हणजे पाच जणींत पुढचं पाणी दिसायचं ते एकट्या मला! बाकीच्या चौघींना दिसायची समोरचीची पाठ. काठ किती लांब आहे, शेजारची नाव किती पुढे गेली, समोर जलपर्णीचा पुंजका आहे की झाडाचा ओंडका, हे त्यांना माझ्या तोंडूनच कळणार. पहिल्या दिवशी मी मागे वळून बघणाऱ्या एका मुलीला "पुढे बघ!" म्हणून ओरडले, तेव्हा सर हसून म्हणाले, "अगं, तिनं पुढे बघायचं नाही. ती तुझ्या डोळ्यांनी बघते."

हे वाक्य मला रात्रभर झोपू देईना. चार जणी माझ्या डोळ्यांनी बघणार! त्यांची पाठ नदीकडे आणि भरवसा माझ्यावर. गुण लिहायच्या वहीत असली जबाबदारी कधी आली नव्हती.

कॉक्स हलका हवा, कारण त्याचं वजन बाकीच्यांना ओढावं लागतं. पण म्हणून कोणी कॉक्सला उपाशी ठेवू नये, यासाठी मोठ्या स्पर्धांत किमान वजनाचा नियम आहे. जागतिक स्पर्धांत तो ५५ किलोचा आहे. कॉक्स ४२ किलोचा असेल तर उरलेलं १३ किलो वजन त्याच्याजवळ नावेत ठेवावं लागतं.

पूर्वी असे नियम नव्हते. त्यामुळे १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मोठी गंमत झाली. हॉलंडचे ब्रांट आणि क्लाइन हे दोघं वल्हवणारे प्राथमिक फेरीत मागे पडले. त्यांचा कॉक्स ब्रॉकमन साधारण ६० किलोचा होता. त्यांच्या लक्षात आलं की फ्रेंच नावांमध्ये लहान मुलं कॉक्स आहेत. मग त्यांनीही अंतिम फेरीसाठी पॅरिसमधला एक छोटा मुलगा नावेत बसवला. तो तेहतीसेक किलोचा होता म्हणतात. आणि काय सांगू, ती नाव ०.२ सेकंदांनी पहिली आली! मुलानं विजेत्यांबरोबर फोटो काढून घेतला आणि तो गर्दीत निघून गेला. त्याचं नाव लिहून घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. पुढे अभ्यासकांनी त्याचा खूप शोध घेतला, निरनिराळे अंदाज बांधले, पण ऑलिंपिकच्या याद्यांमध्ये ब्रांट आणि क्लाइन यांच्या शेजारी 'अनोळखी फ्रेंच मुलगा' अशीच नोंद वाचायला मिळते. तुमच्याच वयाचा असेल तो, किंवा तुमच्याहून लहान!

कॉक्सच्या जागेवर मुलगा-मुलगी असा भेदही टिकला नाही. इंग्लंडात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची शर्यत १८२९ साली सुरू झाली. ती टेम्स नदीवर सुमारे ६.८ किलोमीटरची असते. दीडशे वर्षं त्या नावांत फक्त पुरुष होते. १९८१ साली ऑक्सफर्डच्या आठ धिप्पाड पुरुषांना हुकूम देत सू ब्राउन नावाची मुलगी कॉक्सच्या जागेवर बसली आणि ऑक्सफर्ड जिंकलं. आपल्याकडचं ताजं उदाहरण हवंय? २०२२ची हांगझूची आशियाई स्पर्धा २०२३ मध्ये झाली. तिथे भारताच्या आठ जणांच्या नावेनं रौप्यपदक मिळवलं. पदकं किती मिळाली? आठ नव्हे, नऊ! नववं पदक कॉक्स धनंजय पांडे यांच्या गळ्यात पडलं. आता ऑलिंपिकमध्ये कॉक्स फक्त आठांच्या नावेत असतो. जिंकल्यावर त्याला उचलून पाण्यात फेकायची जुनी रीत आहे. सर मला पोहता येतं का म्हणून का विचारत होते, ते असं कळलं!

आता थोडं अवघड काही सांगते.

आमच्या क्लबात एक मुलगी होती. आम्ही तिला 'पैलवान' म्हणायचो आणि तीही ऐटीत ते नाव मिरवायची. क्लबात जमिनीवर बसून वल्हवायचं एक जुनं यंत्र होतं. त्यावर तिच्याइतका जोर कुणाचाच लागत नसे. ती माझी अगदी जिवाभावाची मैत्रीण. वसतिगृहात आम्ही एकाच खोलीत राहायचो. शर्यतीच्या नावेत चार जागा होत्या आणि मुली होत्या सात. पैलवानची जागा नक्की, असं सगळ्याच धरून चालल्या होत्या.

सरांनी मात्र जागा ठरवण्यासाठी चाचणी लावली. ती कशी, ते नीट समजून घ्या. दोन नावा शेजारीशेजारी उभ्या करतात. ठरावीक अंतर पळवतात आणि कोणती किती पुढे ते मोजतात. मग एका नावेतली एक मुलगी दुसरीत आणि दुसरीतली एक पहिलीत, अशी अदलाबदल करतात. बाकी सगळं तेच. पुन्हा तेवढंच अंतर पळवतात. आता जो फरक पडला, तो या दोघींमुळेच पडला. यात कुणाचा वशिला नाही आणि कुणाचं मत नाही. पाणीच काय ते सांगतं.

पाण्यानं असं सांगितलं, की पैलवान नावेत असली की नाव हळू जाते!

सगळे चक्रावले. सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू समोर बसतेस. तुला काय जाणवलं?" मला जाणवलेलं मला चांगलं ठाऊक होतं. बाकी तिघींची वल्ही पाण्यात शिरायची त्याच्या निमिषभर आधी पैलवानचं शिरायचं. तिला धीर धरवत नसे. ती ओढायची सगळ्यांत जोरात, पण एकटी. त्यामुळे नाव एका बाजूला झुके, पलीकडचीचं वल्हं पाण्यावर घासे आणि प्रत्येक ओढीला एक बारीक हिसका बसे. तो माझ्या पाठीला कळायचा. मी सरांना ते जसंच्या तसं सांगितलं. ती बसली नाही. तिच्याहून अशक्त दिसणारी एक मुलगी बसली.

त्या रात्री खोलीत दिवा मालवल्यावर ती म्हणाली, "तू माझी मैत्रीण ना?"

मी म्हटलं, "हो. पण त्या चौघी माझ्या डोळ्यांनी बघतात."

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. एका खोलीत राहून न बोलणं किती अवघड असतं, ते तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. नवव्या दिवशी पहाटे मी उठले तेव्हा तिची गादी रिकामी होती. नदीवर गेले, तर बाई आधीच येऊन नाव उचलायला उभी! शर्यतीची नाव खांद्यावर घेऊन पाण्यापर्यंत न्यावी लागते. तिनं एक टोक धरलं. मग रोज धरलं. संध्याकाळी ती सरावाच्या नावेत बसून डोळे मिटून वल्हवायची. सरांनीच तिला तसं करायला सांगितलं होतं. डोळे मिटले की कान उघडतात. चार वल्ही एकदम फिरली की चार कड्यांचा मिळून एकच आवाज येतो : 'खट्!' कुणी पुढेमागे झालं, तर 'खटखट्' ऐकू येतं. तिला 'खट्' ऐकायचं होतं.

त्या वर्षी आमची नाव दुसरी आली. पैलवान काठावर उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडली. पुढच्या वर्षी चाचणीत ती बसली, तेव्हा नाव पुढे गेली. तिचा जोर काही कमी झाला नव्हता, तो फक्त आता सगळ्यांबरोबर पाण्यात शिरत होता.

आता प्रत्यक्ष मोठी शर्यत कशी होते ते पाहू या. जागतिक स्पर्धेत अंतर असतं २००० मीटर, सरळ रेषेत. पाण्यावर तरंगत्या गोळ्यांच्या दोऱ्यांनी सहा पट्टे आखलेले असतात. सुरुवातीच्या जागी तरंगत्या तराफ्यांवर प्रत्येक नावेमागे एक जण पालथा झोपतो आणि नावेची शेपटी हातात धरून ठेवतो, म्हणजे सगळ्या नावा एका ओळीत राहतात. बऱ्याच ठिकाणी हे काम शाळा-कॉलेजातली मुलंच करतात. लाल दिवा लागतो. सगळं शांत. मग हिरवा दिवा आणि भोंगा, की सुटल्या! सुरुवातीला मिनिटाला ४० हून जास्त ओढी, मग मधल्या टप्प्यात ३६-३८, आणि शेवटच्या काहीशे मीटरमध्ये पुन्हा जिवाच्या आकांतानं चाळिशी पार. २०१७ मध्ये जर्मनीच्या आठ जणांनी हे अंतर ५ मिनिटे १८.६८ सेकंदांत कापलं होतं. नावेच्या नाकावर रबरी चेंडूसारखा एक गोळा असतो. टक्कर झालीच तर कुणाला इजा होऊ नये म्हणून तो लावतात. ज्याचा गोळा आधी रेषा ओलांडेल तो जिंकला. (२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी मात्र तिथलं पाणी अपुरं पडत असल्यानं अंतर १५०० मीटर ठरलं आहे.)

मला या खेळातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे 'रेपेशाज' नावाची फेरी. पहिल्या फेरीत मागे पडलेल्यांना तिथे आणखी एक संधी मिळायची. आणि जे पदकाच्या शर्यतीपर्यंत पोचत नाहीत, त्यांनाही घरी पाठवत नाहीत. पहिल्या सहांची 'ए' अंतिम शर्यत होते, पुढच्या सहांची 'बी', त्यापुढच्या सहांची 'सी'. म्हणजे 'सी' शर्यत जिंकणाऱ्याचा क्रमांक लागतो तेरावा. हा तेरावा क्रमांक लक्षात ठेवा, कारण आता आपण नाशिक जिल्ह्यात जाणार आहोत.

चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचं गाव आहे. दुष्काळी मुलूख. तिथला दत्तू भोकनळ हा मुलगा वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जायचा. ज्या भागात पाण्यासाठी जमीन खोल खोल खणावी लागते, तिथल्या मुलाला नाव वल्हवायचं कुठून माहीत असणार? २०११ मध्ये वडील गेले. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि पुण्यात आला. पुण्याचं आणि या खेळाचं नातं जुनं आहे. मुळेच्या काठी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून आहे, आणि दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात सैन्याचं रोइंगचं केंद्र आहे. उंचापुऱ्या दत्तूला तिथे नावेत बसवलं. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची. पण चार वर्षांत तो कुठे पोचला असेल? थेट रिओच्या ऑलिंपिकमध्ये! २०१६ मध्ये तिथे गेलेला तो भारताचा एकमेव नौकानयनपटू होता. घरी आई अपघातानंतर गंभीर आजारी होती. एकट्याच्या नावेच्या उपांत्यपूर्व फेरीत तो चौथा आला. पुढे फक्त तिघं जाणार होते. मग तो 'सी' शर्यतीत उतरला आणि ती त्यानं जिंकली. म्हणजे जगात कितवा? तेरावा! शाब्बास, लक्षात आहे तर!

दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, इंडोनेशियात पालेमबांगच्या तलावावर आशियाई स्पर्धा झाली. दत्तूकडून सगळ्यांना पदकाची आशा होती. पण त्याला ताप आला. २३ ऑगस्टला एकट्याच्या नावेच्या अंतिम शर्यतीत तो अगदी शेवटी आला. विचार करा, देशभरातून डोळे लागलेले, अंगात ताप, नावेत आपण एकटे आणि बाकी सगळे पुढे निघून गेलेले. एकट्याच्या नावेत दुसरा कुणी असतच नाही. जिंकलो तरी आपण आणि हरलो तरी आपणच.

दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांच्या नावेची शर्यत होती. पंजाबचे सवर्ण सिंग आणि सुखमीत सिंग, राजस्थानचा ओमप्रकाश आणि आपला दत्तू. चौघंही सैन्यातले. या नावेत कॉक्स नसतो. चार पाठी आणि आठ वल्ही, बस्स. दत्तू उठला आणि जाऊन आपल्या जागेवर बसला. आणि मुलांनो, ती नाव ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत पहिली आली! यजमान इंडोनेशियाची नाव तीन सेकंदांहून जास्त मागे राहिली. २०१० मध्ये ग्वांगझूला बजरंगलाल ताखर यांनी आशियाई स्पर्धेतलं भारताचं रोइंगचं पहिलं सुवर्ण मिळवलं होतं. त्यानंतरचं हे दुसरं.

कालचा शेवटचा आज पहिला कसा आला? ताप एका रात्रीत पळाला असेल का? मला विचाराल तर मी ते दुसऱ्या तऱ्हेनं सांगेन. दत्तूच्या मागे आणि पुढे त्या दिवशी माणसं होती. समोरची पाठ वाकली की आपण वाकायचं, ती उठली की उठायचं. अंगातलं बळ संपत आलं तरी लय सुटत नाही, कारण ती एकट्याची नसते. आणि बाकीच्या तिघांनाही त्याच्याशिवाय जाता आलं नसतं. तिघांची नाव या खेळात नसतेच! त्या सुवर्णपदकातलं किती कुणाचं, हे त्या चौघांनाही मोजून सांगता येणार नाही.

आता एक गंमत करून पाहा. घरात किंवा शाळेच्या व्हरांड्यात चार जण एकामागे एक, एकाच दिशेला तोंड करून जमिनीवर बसा. प्रत्येकाच्या हातात एक लाटणं किंवा पट्टी द्या. सगळ्यांत पुढचा तो स्ट्रोक. त्यानं काही न बोलता पुढे वाकायचं आणि मागे यायचं, मनाला येईल त्या वेगानं. बाकीच्यांनी फक्त समोरची पाठ बघून तसंच करायचं. पाचवा कॉक्स. त्यानं समोर बसून कोण लवकर जातोय आणि कोण उशिरा, ते खरंखरं सांगायचं, मग तो त्याचा जिवलग मित्र का असेना! दोन मिनिटं सगळे अगदी एकत्र हलले, तर मला जरूर कळवा. पहिल्या दिवशी जमत नाही, हे आधीच सांगून ठेवते. खऱ्या पाण्यात मात्र पोहता येत असल्याशिवाय, अंगात जॅकेट घातल्याशिवाय आणि शिकवणारं मोठं माणूस जवळ असल्याशिवाय मुळीच उतरायचं नाही.

आणि आई-बाबांसाठीही एक निरोप आहे. तुमच्या मुलाला किंवा मुलीला एखाद्या संघात घेतलं नाही, तर "जाऊ दे, अभ्यास कर" असं लगेच म्हणू नका. कदाचित तिची जागा वेगळ्या नावेत असेल. कदाचित तिला अजून 'खट्' ऐकू यायचं असेल. आणि रोज नुसतं नावेचं टोक धरून ती पाण्यापर्यंत पोचवणारी मुलगी घरी दमून आली, तर तिला आधी पोटभर खायला घाला. निकाल काय लागला, ते ती सांगेल तेव्हा सांगेल.